जनरल वेलस्लीची हिंदुस्थानातली कारकीर्द: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जालना जिल्ह्यातल्या असईला १८०३ मध्ये वेलस्लीने मराठ्यांना हरवलं. त्या रणभूमीवर ओळखीपाळखीच्या लोकांना घेऊन जायला लागल्यापासून तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. काही जीपमध्ये विचारले जातात, काही नंतर फोनवर, आणि एखादा रात्री साडेअकराला, "झोपला नसाल तर..." असं म्हणून. दर वेळी नव्याने सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवलं. उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून जिथे पुनरुक्ती झाली असती तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हा वेलस्ली म्हणजे नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टनच का?

हो, तोच. आर्थर वेलस्ली, जन्म १७६९, आयर्लंडमधल्या इंग्रज सरदार घराण्यातला. 'ड्यूक ऑफ वेलिंग्टन' ही पदवी त्याला १८१४ मध्ये मिळाली, म्हणजे हिंदुस्थान सोडून नऊ वर्षं उलटल्यावर. त्यामुळे "वेलिंग्टनने नगरचा किल्ला घेतला" हे वाक्य माणसापुरतं बरोबर आणि नावापुरतं चूक. नगरच्या तटाखाली उभा होता तो मेजर जनरल वेलस्ली, वय ३४. घराण्याचं आडनावसुद्धा आधी 'वेस्ली' असं लिहीत. १७९८ पासून ते 'वेलस्ली' झालं.

२. लॉर्ड वेलस्ली आणि जनरल वेलस्ली एकच ना? शाळेत 'तैनाती फौजवाला वेलस्ली' शिकलो होतो.

नाही, हे दोघे भाऊ. तैनाती फौजेचं जाळं विणणारा तो थोरला भाऊ रिचर्ड. तो १७९८ ते १८०५ गव्हर्नर जनरल होता आणि कलकत्त्यात बसायचा. त्याने आखलेलं मैदानात उतरवणारा धाकटा भाऊ आर्थर. आणखी एक भाऊ, हेन्री, रिचर्डचा खासगी सचिव म्हणून इथेच होता. म्हणजे त्या काळात हिंदुस्थानात एकाच घरातले तिघे मोक्याच्या जागी बसले होते. आपल्याकडे अशा वेळी लोक जे बोलतात, ते तेव्हा इंग्रजही आपापसात बोलत होते (प्र. ७ पाहा).

३. तो कंपनीचा नोकर होता की राजाचा?

राजाचा. इथे दोन वेगळ्या फौजा होत्या. एक कंपनीची: मद्रास, मुंबई आणि बंगाल अशा तीन इलाख्यांची, शिपाई इथले आणि अंमलदार गोरे. दुसऱ्या राजाच्या पलटणी: विलायतेत उभ्या राहिलेल्या आणि कंपनीच्या खर्चाने इथे आणलेल्या. वेलस्ली राजाच्या ३३ व्या पलटणीचा. फरक नुसता गणवेशाचा नव्हता. राजाच्या फौजेत हुद्दा पैसे मोजून घेता येई. कंपनीच्या फौजेत मात्र ज्येष्ठतेने, रांगेत उभं राहून वर जावं लागे. शिवाय एकाच हुद्द्याचे दोघे समोरासमोर आले तर राजाच्या अंमलदाराचा मान आधी. कंपनीच्या जुन्या-जाणत्या अंमलदारांच्या मनात हे फार सलत असे. इथे वीस-वीस पावसाळे काढलेल्या माणसाने कालच्या पोराला सलाम ठोकायचा.

४. चोविसाव्या वर्षी लेफ्टनंट कर्नल? एवढं काय केलं होतं त्याने?

लढाईच्या दृष्टीने काहीच नाही. १७८७ मध्ये तो सर्वांत खालच्या अंमलदाराच्या हुद्द्यावर लागला आणि १७९३ मध्ये ३३ व्या पलटणीचा लेफ्टनंट कर्नल झाला. मधल्या सहा वर्षांत त्याने आयर्लंडच्या लाटसाहेबाच्या पदरी एडीसी म्हणून दिवस काढले आणि तिथल्या पार्लमेंटात घरची जागा सांभाळली. हुद्द्यांसाठीचे पैसे थोरल्या भावाने पुरवले. त्याच सुमारास किटी पेकनहॅम नावाच्या मुलीला मागणी घातली, तर तिच्या घरच्यांनी नकार दिला. तो व्हायोलिन चांगलं वाजवायचा. ती व्हायोलिनं त्याने त्या वर्षी जाळून टाकली. १७९४-९५ मध्ये फ्लँडर्सच्या मोहिमेत इंग्रजांची दाणादाण त्याने जवळून पाहिली, आणि काय करू नये ते आपण तिथे शिकलो असं पुढे तो सांगत असे. वशिल्याने वर चढलेली माणसं पुष्कळ असतात. चढल्यावर अभ्यासाला बसणारी थोडी, आणि हा त्यांतला होता. हिंदुस्थानाकडे निघताना त्याने या देशाविषयीची पुस्तकं विकत घेऊन बरोबर बांधली होती.

५. तो इथे किती वर्षं होता? थोडक्यात क्रम सांगा.

आठ वर्षं. फेब्रुवारी १७९७ मध्ये कलकत्त्याला उतरला. त्याच वर्षी मनिलावर निघालेल्या मोहिमेत पेनांगपर्यंत जाऊन हात हलवत परतला. १७९८ मध्ये मद्रास, १७९९ मध्ये टिपूवरची स्वारी, मग श्रीरंगपट्टणचा अंमल. १८०० मध्ये धोंडजी वाघाचा पाठलाग. नंतर मलबार-वायनाडकडे पळशी राजाविरुद्धच्या कारवायांवर देखरेख. १८०२ मध्ये मेजर जनरल. १८०३ हे आपलं वर्ष: पुणे, नगर, असई, अडगाव, गाविलगड. मार्च १८०५ मध्ये मद्रासहून जहाजात बसला आणि पुन्हा कधी आला नाही.

मध्ये एक प्रसंग निसटता घडला. १८०१ मध्ये इजिप्तकडे जाणाऱ्या फौजेचं प्रमुखपद त्याच्याकडून काढून डेव्हिड बेअर्डला (प्र. ६ पाहा) दिलं, आणि हा मुंबईत तापाने आजारी पडला, म्हणून मागे राहिला. ज्या जहाजाने तो जाणार होता ते तांबड्या समुद्रात सगळ्या माणसांसह बुडालं.

६. टिपू सुलतानाला वेलस्लीने मारलं का?

नाही. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टणच्या खिंडारातून आत घुसणाऱ्या तुकड्यांचं नेतृत्व डेव्हिड बेअर्डकडे होतं. वेलस्ली मागे राखीव फौजेवर होता. टिपू लढता लढता दरवाजाच्या कमानीत पडला, आणि त्याला नेमकं कोणी मारलं ते तेव्हाच्या गर्दीत कोणालाच कळलं नाही. मृतदेह सापडला तेव्हा खात्री करायला गेलेल्यांत मात्र वेलस्ली होता.

याच मोहिमेत त्याच्या कारकिर्दीतली सर्वांत लाजिरवाणी रात्र आहे. ५ एप्रिलला सुलतानपेटच्या आंबराईवर त्याने अंधारात हल्ला चढवला. आतली वाट कोणी आधी पाहिलेली नव्हती, पाटाचं पाणी आडवं आलं, टिपूचे अग्निबाणवाले आणि बंदूकवाले जागे होते. पलटण विस्कटली, याच्या गुडघ्याला गोळी चाटून गेली, बारा जण पकडले जाऊन नंतर मारले गेले. दुसऱ्या दिवशी उजेडात तीच आंबराई सहज हाती आली. न पाहिलेल्या जागेवर रात्रीचा हल्ला करायचा नाही, हा धडा त्याने मनाशी बांधला. असईला चार वर्षांनी तो स्वतः घोड्यावर पुढे जाऊन जागा पाहतो, त्याचं मूळ इथे आहे.

७. श्रीरंगपट्टणचा कारभार त्याला भावाच्या वशिल्याने मिळाला, हे खरं का?

कागदावर नाही, व्यवहारात हो, असं माझं मत. नेमणूक मोहिमेचा सेनापती जनरल हॅरिस याने केली. गव्हर्नर जनरल तेव्हा मद्रासला होता. पण आपला वरिष्ठ कोण आणि त्याचा भाऊ कोण हे न कळण्याइतका हॅरिस दुधखुळा नव्हता. बेअर्डचा संताप समजण्यासारखा होता. तो हैदरच्या आणि टिपूच्या कैदेत जवळपास चार वर्षं साखळदंडात होता, खिंडार त्याने जिंकलं, आणि किल्ल्याच्या किल्ल्या मिळाल्या राखीव फौजेवर बसलेल्या कनिष्ठाला.

दुसरी बाजूही सांगायला हवी. शहरात लूट माजली होती. वेलस्लीने चार लुटारूंना फासावर चढवलं, कित्येकांना फटके मारले, आणि थोड्या दिवसांत बाजार पुन्हा भरू लागला. बेअर्ड शूर होता, पण तापट. दिवाण पूर्णय्यांबरोबर बसून म्हैसूरची घडी बसवणं त्याला जमलं असतं असं वाटत नाही.

८. धोंडजी वाघ हा मराठा होता ना? मग त्याला मारायला मराठ्यांनीच मदत का केली?

धोंडजी चन्नगिरीकडचा मराठा, हैदरच्या पदरी वाढलेला. टिपूने त्याला बाटवून कैदेत टाकलं होतं. श्रीरंगपट्टण पडलं त्या गोंधळात सुटला, फौज जमवली आणि स्वतःला 'दोन्ही जगांचा राजा' म्हणवू लागला. तो पेशव्यांच्या मुलखातही लुटत होता. जून १८०० मध्ये कित्तूरजवळ त्याने धोंडोपंत गोखल्यांना गाठून मारलं. धोंडोपंतांचे पुतणे बापू गोखले जखमी होऊन निसटले आणि सूड घ्यायचा म्हणून वेलस्लीच्या फौजेबरोबर राहिले. हेच बापू गोखले पुढे पेशवाईचे शेवटचे सेनापती, १८१८ मध्ये आष्टीला इंग्रजांशी लढताना पडले. इतिहासाची पानं एकेकटी वाचली तर यातलं एक पान दुसऱ्याला खोटं पाडतं.

१० सप्टेंबर १८०० रोजी कोनगलजवळ वेलस्लीने चार घोडदळ पलटणी एका रांगेत उभ्या करून स्वतः हल्ला केला, त्यात धोंडजी मारला गेला. सामानात त्याचा लहान मुलगा सलाबतखान सापडला. त्याला वेलस्लीने आपल्या तंबूत ठेवून घेतलं आणि हिंदुस्थान सोडताना त्याच्या पालनपोषणासाठी पैसे ठेवून गेला.

९. पुण्यात तो कशासाठी आला? शनिवारवाड्यावर झेंडा त्यानेच लावला का?

झेंड्याचं आधी सांगतो: नाही. तो प्रसंग नोव्हेंबर १८१७ चा, खडकीच्या लढाईनंतरचा. तेव्हा हा वॉटर्लू जिंकून फ्रान्समध्ये ताब्याच्या फौजेचा प्रमुख म्हणून बसला होता.

पुण्याला तो आला एप्रिल १८०३ मध्ये, आणि आला तो पेशव्यांच्या बोलावण्यावरून. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरला यशवंतराव होळकरांनी शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा धुव्वा उडवला. पेशवे दुसरे बाजीराव कोकणात पळाले आणि वसईला इंग्रजांच्या आश्रयाला गेले. ३१ डिसेंबरला तह केला: कंपनीच्या सहा पलटणी कायम पदरी, त्यांच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून द्यायचा. बाजीरावांना गादीवर परत बसवायला वेलस्ली म्हैसूरकडून हरिहरमार्गे निघाला. बाजीरावांचे भाऊ अमृतराव पुणे जाळणार अशी बातमी वाटेत लागली, तेव्हा नुसतं घोडदळ घेऊन ३२ तासांत ६० मैल तोडून २० एप्रिलला पोचला. शहर शाबूत होतं, अमृतराव निघून गेले होते. बाजीराव स्वतः आले १३ मे रोजी. या धन्याविषयी वेलस्लीचं मत पहिल्यापासून वाईट होतं आणि ते पत्रांत लपलेलं नाही.

१०. तुम्ही सारखं बैलांविषयी बोलता. लढाईत बैलांचा एवढा काय संबंध?

सगळा संबंध बैलांचाच आहे. या माणसाची हिंदुस्थानातली पत्रं वाचा. तोफांपेक्षा तांदूळ जास्त भेटतो, आणि तांदळापेक्षा बैल. त्याचं गणित साधं होतं. धान्य आणि जनावरं असली तर फौज हलेल, फौज हलली तर शत्रू सापडेल, आणि सापडला की बघून घेऊ.

म्हैसूरच्या राज्यकर्त्यांनी जोपासलेली अमृतमहाल ही बैलांची जात त्याच्या हाती आली होती. अंगाने सडपातळ, चालीला घोड्याच्या तोडीची. तोफा ओढायला हेच बैल. गावगन्ना भाड्याने आणलेला बैल चार दिवसांत बसतो, आणि एकदा बसला की शेपटी पिरगाळूनही उठत नाही. ज्याच्या घरी शेती आहे त्याला हे सांगायला नको. धान्यासाठी भिस्त लमाण-वंजाऱ्यांच्या तांड्यांवर होती. ते कोणाचे चाकर नव्हते, गोणी पाठीवर लादलेले बैल हाकत फौजेमागून यायचे आणि बाजारात माल विकायचे. त्यांना रोख पैसे मिळावेत आणि वाटेत कोणी त्यांना नाडू नये याबद्दल वेलस्ली कडक होता. आपल्या मुलखातल्या फौजा रयतेचं उभं पीक चारून पुढे जात असताना हा माणूस पैसे मोजून धान्य घेत होता. प्रेमापोटी नव्हे. पैसे मिळाले नाहीत तर तांडा उद्या येत नाही, एवढंच.

दुसरी गोष्ट नद्यांची. आपल्याकडे दसऱ्याला सीमोल्लंघन, पावसाळ्यात मोहिमा नाहीत. याने उलटं केलं. नद्या भरलेल्या असताना मराठी घोडदळाला मोकळं फिरता येत नाही, आणि आपण कातड्याने मढवलेल्या टोपलीच्या होड्या बरोबर ठेवल्या तर आपल्याला येतं, असा हिशेब करून त्याने शिंदे-भोसल्यांविरुद्ध ऑगस्टमध्ये युद्ध सुरू केलं.

११. नगरचा किल्ला म्हणे न्याहारीच्या आधी घेतला?

न्याहारीआधी घेतली ती पेठ, किल्ला नव्हे. ८ ऑगस्ट १८०३ रोजी शिड्या लावून पेठेच्या तटावर चढले. तट उंच, आणि आतल्या बाजूला उभं राहायला फांजीच नाही, त्यामुळे पहिले काही वर जाऊन तिथेच मारले गेले. तरी पेठ त्याच दिवशी पडली. फौजेबरोबरच्या गोखल्यांनी पुण्याला जे लिहिलं म्हणून सांगतात त्याचा आशय असा: हे इंग्रज अजब लोक आणि यांचा जनरल त्याहून अजब. सकाळी आले, पेठेचा तट पाहिला, त्यावरून चालत गेले, आतल्यांना मारलं आणि न्याहारीला परत आले.

किल्ल्यावर १० तारखेला तोफा डागल्या आणि १२ ला किल्लेदाराने बोलणी करून, आपली खासगी मालमत्ता घेऊन, किल्ला सोडला. भुईकोट म्हणून इतका मजबूत किल्ला चार दिवसांत जावा हे आजही खटकतं. वेलस्लीला मात्र त्या बुरुजांपेक्षा आतली जागा मोलाची होती. त्याने तिथे धान्याचं कोठार केलं (प्र. १० पाहा).

१२. असईची लढाई नेमकी कशी झाली? एवढ्या मोठ्या फौजेसमोर तो जिंकला कसा?

२१ सप्टेंबरला बदनापूरला वेलस्ली आणि हैदराबादच्या तैनाती फौजेचा कर्नल स्टीव्हन्सन भेटले. ठरलं असं की दोन वाटांनी जायचं आणि २४ ला मिळून हल्ला करायचा. हरकाऱ्यांची बातमी होती की शिंदे-भोसल्यांची छावणी भोकरदनला आहे. २३ ला दुपारी वेलस्ली मुक्कामाला पोचतो तर छावणी अवघ्या काही मैलांवर. घोटाळा कशाने झाला? हरकारे 'भोकरदन' म्हणाले ते परगण्याला, याने ऐकलं ते गावाला. तालुका आणि तालुक्याचं गाव एकाच नावाचं असलं की आजही टपाल चुकतं, इथे लढाई एक दिवस आधी झाली.

हाताशी मैदानात लढायला साधारण ४,५०० माणसं. समोर केळणा नदीच्या पलीकडे पोलमन नावाच्या हनोव्हरच्या माणसाच्या हाताखाली शिंद्यांचे आणि बेगम समरूचे कवायती कंपू (विलायती पद्धतीने शिकवलेल्या पलटणी), दहा हजारांवर पायदळ, शंभराच्या आसपास तोफा, आणि त्यापलीकडे नजर पोचेल तिथवर घोडदळ. स्टीव्हन्सनची वाट पाहिली तर शत्रू निसटेल किंवा आपल्यावरच येईल. याने लगेच लढायचं ठरवलं.

वाटाडे म्हणाले, इथे नदीला उतार नाही. वेलस्लीने दुर्बीण लावली. अलीकडच्या काठावर एक गाव, पिंपळगाव. बरोबर समोर पलीकडच्या काठावर दुसरं, वरुड. दोन गावं अशी तोंडाला तोंड लावून बसलीत म्हणजे मधून येणं-जाणं असणारच. उतार निघाला. हे फार मोठं तर्कशास्त्र वगैरे नाही, कुठल्याही नदीकाठच्या पोराला हे ठाऊक असतं. पण त्या क्षणी तिथे ते सुचलं फक्त त्याला. पाण्यात उतरताना तोफेचा गोळा आला आणि शेजारच्या स्वाराचं डोकं उडालं. धड खोगिरावर तसंच बसून राहिलं आणि घोडा बिथरून गर्दीत धावत सुटला.

वेलस्लीचा अंदाज होता की केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात आपण बगलेवर जाऊन आदळू. पोलमनने त्याच्या डोळ्यांदेखत सगळी रांग वळवून तोंड त्याच्याकडे केलं. एवढ्या मोठ्या पायदळाने आयत्या वेळी असं फिरणं म्हणजे कवायत पक्की असल्याचा पुरावा. पुढे एक चूक इंग्रजांकडून झाली: उजव्या टोकाची तुकडी भरकटून थेट असई गावाच्या तोफांवर गेली आणि तिच्यामागे ७४ वी पलटणही. ती पलटण जवळजवळ संपली. मॅक्सवेलच्या घोडदळाने धावून जाऊन उरलेल्यांना वाचवलं. नंतरच्या हल्ल्यात मॅक्सवेल स्वतः पडला.

मराठी गोलंदाजांविषयी इथे थांबून सांगतो. ते तोफा सोडून पळाले नाहीत. जागेवर कापले गेले. आणि जे वाचले ते मेल्याचं सोंग घेऊन तोफांखाली पडून राहिले, इंग्रज रांग पुढे गेल्यावर उठले, तोफा उलट्या फिरवल्या आणि पाठीमागून मारा सुरू केला. तो तोफखाना पुन्हा घेण्यासाठी वेलस्लीला स्वतः घोडदळ घेऊन परत फिरावं लागलं. त्याचा एक घोडा मेला, दुसऱ्याला भाला लागला. तो डायोमेड नावाचा अरबी, द्वंद्वयुद्धात मेलेल्या एका मित्राने मरताना दिलेला.

संध्याकाळी ९८ तोफा इंग्रजांच्या हाती होत्या. त्यांचे ४२८ मेले, ११३८ जखमी, म्हणजे लढलेल्यांपैकी तिसरा हिस्सा पडला. वेलस्ली त्या रात्री मेलेल्यांच्या मध्येच गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. म्हातारपणी कोणीतरी विचारलं, लढाईतली तुमची सर्वांत चांगली कामगिरी कोणती? त्याने वॉटर्लू म्हटलं नाही. 'असई' म्हणाला.

१३. त्याच्या फौजेत मराठे होते का?

होते. पेशव्यांकडून बापू गोखले आणि निपाणीकर अप्पा देसाई, शिवाय पटवर्धनांची माणसं. म्हैसूरचे स्वार बिष्णाप्पा पंडितांच्या हाताखाली. असईला या घोडदळाला त्याने केळणेच्या दक्षिणेलाच ठेवलं, समोरच्या स्वारांवर नजर ठेवायला. पेशव्यांच्या माणसांवर त्याचा पुरता भरवसा नव्हता हेही त्यामागे होतं. आणि मुख्य गोष्ट: त्याच्या पायदळातले बहुसंख्य मद्रास इलाख्याचे शिपाई होते. 'इंग्रज फौज' म्हणताना डोळ्यांसमोर नुसते गोरे चेहरे आणू नका.

१४. मराठ्यांनी गनिमी कावा सोडला म्हणून हरले, असं म्हणतात. पटतं का?

हे मत खुद्द वेलस्लीचं. त्याचं म्हणणं, कवायती कंपू आणि जड तोफा बाळगल्यामुळे शिंद्यांची फौज गाठता येण्यासारखी झाली. नुसतं घोडदळ असतं तर ते पकडणं अवघड होतं. मला अर्धंच पटतं. त्याच कंपूंनी असईला त्याला सर्वांत जास्त रक्त सांडायला लावलं, आणि शिंद्यांच्या पायदळाची तारीफ त्याने स्वतः केली आहे. घात झाला तो दुसरीकडे. हजारोंचं घोडदळ दिवसभर जवळजवळ बघत उभं राहिलं. दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले दोघांपैकी एकही शेवटपर्यंत रणात थांबला नाही. होळकर तर या युद्धात आलेच नाहीत (प्र. १६ पाहा). महादजींनी द बॉयन्य या युरोपीय सेनानीकडून उभे करून घेतलेले कंपू, त्यांना मरायला सांगणारे होते, वापरणारा नव्हता.

१५. अडगाव आणि गाविलगडविषयी थोडं सांगा.

अडगाव अकोला जिल्ह्यातलं, इंग्रजी कागदांत 'आर्गाव'. २९ नोव्हेंबर १८०३. सुरुवातीच्या तोफांच्या माऱ्याने तीन पलटणींचे शिपाई घाबरून मागे फिरले. वेलस्ली जवळच होता, त्याने त्यांना आडोशाला नेऊन पुन्हा रांगेत उभं केलं. तो तिथे नसता तर लढाई गेली होती, असं त्याचंच म्हणणं. संध्याकाळी ३८ तोफा हाती.

गाविलगड पडला १५ डिसेंबरला. खरी मेहनत स्टीव्हन्सनच्या माणसांची: मेळघाटच्या डोंगरांतून वाट फोडत जड तोफा हातांनी ओढत उत्तरेच्या बाजूला नेल्या. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मेला. दोन दिवसांत भोसल्यांनी देवगावला तह केला, ३० डिसेंबरला शिंद्यांनी सुर्जी अंजनगावला. कटक आणि वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांचा गेला. शिंद्यांचा भडोच, नगर आणि गंगा-यमुनेचा दुआब गेला.

१६. यशवंतराव होळकरांशी त्याची लढाई झाली का?

समोरासमोर कधीच नाही. होळकरांशी युद्ध पेटलं १८०४ मध्ये, आणि ते उत्तरेत इंग्रज सेनापती जनरल लेकच्या गळ्यात पडलं. लेकच्या हाताखालच्या मॉन्सनची फौज होळकरांनी पळता भुई थोडी करून पिटाळली ती याच वर्षी. वेलस्ली दख्खनेत अडकला होता, दुष्काळाने मुलूख ओस पडलेला, बैलांना चारा नाही. पुढे तो कलकत्त्याला गेला. "वेलस्ली होळकरांना घाबरला" असं मला एका गृहस्थांनी ठासून सांगितलं होतं. पुरावा मागितल्यावर त्यांनी चहा मागवला.

१७. त्याने इथून किती पैसा नेला?

साधारण ४२,००० पौंड, लुटीतला वाटा, पगार, भत्ते सगळं धरून. श्रीरंगपट्टणच्या लुटीतले सुमारे ४,००० पौंड त्यातलेच. ते मिळाल्यावर त्याने भावाचं हुद्द्यांचं कर्ज फेडू म्हटलं, भावाने घेतलं नाही. त्या काळच्या मानाने रक्कम मोठी आहे, पण क्लाइव्हशी तुलना केली तर किरकोळ.

१८. एवढं यश मिळत असताना परत का गेला?

अंग दुखत होतं, विलायतेत आपल्या कामाची कदर नाही असं वाटत होतं, आणि दुसरीकडे कुठे नोकरी मिळू शकणाऱ्या माणसाने हिंदुस्थानात याहून जास्त राहू नये असं त्याने लिहूनही ठेवलं. जाताना सेंट हेलेनाला जहाज थांबलं तेव्हा तो 'ब्रायर्स' नावाच्या घरात उतरला. दहा वर्षांनी त्याच जागी नेपोलियनला कैदी म्हणून आणून ठेवलं. हाच नेपोलियन त्याला 'शिपायांचा जनरल' म्हणून हिणवायचा. १८०६ मध्ये त्याने लग्न केलं, त्याच किटी पेकनहॅमशी (प्र. ४ पाहा).

१९. मुंबईचा विलिंग्डन क्लब आणि सांगलीचं विलिंग्डन कॉलेज याच्याच नावाचं ना?

नाही! तो लॉर्ड विलिंग्डन, १९१३ ते १९१८ मुंबईचा गव्हर्नर. शंभर वर्षांनंतरचा वेगळा माणूस. वेलिंग्टनच्या नावाचं मुंबईत पाहायचं तर रीगल सिनेमासमोरच्या चौकातलं कारंजं पाहा, १८६५ चं. अपोलो बंदराचंही सरकारी नाव 'वेलिंग्टन पिअर' होतं, ते कोणीही कधी घेतलं नाही. निलगिरीतलं वेलिंग्टन मात्र याच्याच नावाचं.

२०. असईला जायचं तर कधी जावं, काय पाहावं?

उन्हाळ्यात जाऊ नका. मी पहिल्यांदा मे महिन्यात गेलो. केळणेत वाळू, खड्डे आणि दोन म्हशी. उतार शोधण्यात काय एवढं मोठेपण, ते काही कळेना. दुसऱ्यांदा सप्टेंबरात गेलो, तेव्हा नदी गढूळ, काठोकाठ, आणि काळी माती बुटाला धरून ठेवणारी. या मातीतून बैलांनी तोफा ओढल्या. भोकरदनपर्यंत रस्ता चांगला आहे, पुढे गावात विचारत जा. मोठं स्मारक, तिकीटघर असलं काही शोधू नका. कपाशी आणि मक्याची शेतं आहेत. बांधावरून चाला, पिकात शिरू नका. दोन नद्यांमधल्या उंचवट्यावर उभं राहून एकदा वरुडकडे आणि एकदा असईकडे पाहिलं की प्र. १२ मधलं सगळं जागेवर बसतं. पाणी बरोबर न्या, आणि नदीत उतरायचं असेल तर तिथल्या कोणाला तरी विचारा. उतार त्यांना माहीत असतो.